तीन टिचक्या

५ जानेवारी

आमच्या गानवृंदाला आज नवीन बाई मिळाल्या. हातात काडी घेऊनच आल्या. खरोखरची काडी, पांढरी, वीतभर. ती त्या हवेत हलवणार आणि आम्ही तिच्याकडे बघत गायचं. मी मनातल्या मनात त्यांचं नाव काडीबाई ठेवून टाकलं. परतताना ह्यांना सांगितलं तर हे एवढे हसले की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

पण हसण्यासारखं एवढंच. बाईंनी आल्या आल्या दोन फतवे काढले. पहिला, वार्षिक कार्यक्रमात ह्यांचा कीबोर्ड नको. सभागृहाला कुणीतरी खराखुरा पियानो भेट दिलाय, तो वापरायचा. वाजवायला हेच, फक्त वाद्य बदलायचं. दुसरा फतवा, एकट्यानं गाणाऱ्याला स्वरलेखन वाचता आलं पाहिजे. मार्चअखेर सगळ्यांचं ऐकून निवड करणार म्हणे.

निवड! होडीचं गाणं वृंद सुरू झाल्यापासून मी गाते. नावाडी शेवटी पैलतीराला हाक मारतो तो लांबलचक 'होऽऽ' लोक माझ्या तोंडून ऐकायला येतात. मध्ये एका वर्षी सर्दीनं घोटाळा केला होता, 'हो' अर्ध्यात अडकला आणि घरी येऊन मी रडले होते. पण पुढच्याच वर्षी आवाज असा काही परत आला की विचारू नका. तेव्हापासून तो जागचा हललेला नाही.

बाईंनी विचारलं, "ताई, तुमची पट्टी कोणती?"

"काळी पाच," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून." म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी हा माझा सा.

त्यांनी भुवया उंचावल्या. "या वयात काळी पाच? वा."

'या वयात' एवढे दोन शब्द मी घरी घेऊन आले.

८ जानेवारी

लेकीनं फोनवरून सांगत सांगत मला ऑनलाइन संगीतशास्त्राच्या वर्गात घातलं. वर्ग तीन होते: प्राथमिक, मध्यम आणि प्रगत. मी मध्यम निवडला. इतकी वर्षं गातेय, आता काय लहान मुलांत जाऊन बसू? प्रगत मात्र मुद्दाम सोडला. उगाच डोळ्यांत यायला नको.

ह्यांनी मात्र मोडता घातला. "अगं, कशाला हे झेंगट? झकास गातेस की."

"कागद वाचता यायला हवा ना."

"मग प्राथमिक घे. त्यात कागदच शिकवतात. मध्यममध्ये भलतंसलतं असतं, पट्ट्या काय, स्वरांतरं काय. डोकं उठेल."

ह्यांना कसली भीती वाटते ते मला बरोबर कळतं. हे लहानपणी पियानो शिकलेत, घरात कागद वाचणारे हे एकटे. आता बायको पुढे गेली तर? बायको शिकायला निघाली की पुरुष कितीही चांगला असला तरी कुठेतरी टोचतंच. मी मनावर घेतलं नाही.

१५ जानेवारी

सरांचं पडद्यावर फक्त कपाळ आणि चष्मा दिसतो. कॅमेरा खाली करा म्हणून सांगितलं तर पोट दिसायला लागलं. परत कपाळच बरं म्हटलं.

पण माणूस गोड शिकवतो. आज स्वरांतरं झाली. दोन स्वरांमध्ये किती पायऱ्या ते मोजायचं. मी दुकानात बसून बाह्या मोजता मोजता तेही मोजत होते. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान, दिवसभर हातात टेपच असते, मला मोजायला काय लागतं! दहापैकी नऊ उत्तरं बरोबर आली. दहावं सरांचं चुकलं असावं.

संध्याकाळी रियाज. हे कीबोर्डवर बसले आणि नेहमीसारख्या त्या कडेच्या बटणावर तीन टिचक्या मारल्या. बिचारं यंत्र म्हातारं झालंय. पूर्वी एका टिचकीत जागं व्हायचं, मग दोन लागायला लागल्या, आता तिनाशिवाय डोळे उघडत नाही. हे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले, तरी घरच्या यंत्राचा इलाज सापडत नाही. मी म्हटलंही तसं. हे म्हणाले, "चालतंय ना? चालत्या गाडीला खीळ घालू नये."

मी ह्यांच्या बोटांकडे बघतच सा लावते. बोट काळी पाचवर, माझा सा काळी पाचवर. हातच्या काकणाला आरसा कशाला?

२२ जानेवारी

बँकवाली बाई कोट घेऊन आली. दर थंडीत येते. कोट तोच, बाई दर वर्षी थोडी जास्त. मी शिवताना माया चांगली सोडलेली असते, म्हणजे शिवणीच्या आत दडवलेलं जास्तीचं कापड. ते थोडं उसवून बाहेर काढलं की काम होतं.

"काय हो, घट्टच होतोय," ती म्हणाली.

"कापड आटलंय," मी नेहमीचं सांगितलं. "हल्लीच्या धुलाईत लोकर टिकते कुठे?"

हे कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. पेपर जरा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वर घेतला. ती गेल्यावर म्हणाले, "तू किती सहज खोटं बोलतेस गं."

मी म्हटलं, "हे खोटं नाही, ही आमच्या धंद्यातली रीत आहे."

२ फेब्रुवारी

आजचा दिवस वहीत लिहूच नये असा होता. पण लिहिते, लपवायचं काय?

पियानोवर पहिली तालीम. काळा, भलाथोरला, आरशासारखा चकचकीत. ह्यांचा चेहरा पियानो बघूनच उतरला होता. कीबोर्डची सवय, दुसरं काय. काळी पाचवरून सुरुवात केली. पहिलं कडवं जड गेलं, दुसऱ्यात मान ताणावी लागली, आणि शेवटचा 'होऽऽ' मध्येच फाटला. टराटरा, जुन्या चादरीसारखा. बाईंची काडी हवेतच राहिली.

हे लगेच म्हणाले, "पियानो चढा लावलाय. तुझी काही चूक नाही."

तेच तर! मी बाईंना स्पष्ट सांगितलं की पियानो लावणाऱ्याला बोलवा, मगच माझं ऐका. बाई हो म्हणाल्या, पण काडी टेबलावर टकटकवत म्हणाल्या. मागच्या रांगेतून औषधवाली पुढे आली. ही औषधांच्या दुकानातली पोरगी, गेल्या वर्षी वृंदात आली, आवाज बरा आहे. मी तिला खालच्या आवाजांत उभी केलीय, नवीन माणसानं आधी खालीच उभं राहावं. तर ही मला म्हणते, "काकू, घशाच्या गोळ्या आणून देऊ?"

काकू! कानामागून आली आणि तिखट झाली.

शिवाय जाता जाता तक्रार: "काकू, कीबोर्डवर व्हायची तेव्हा शेवटची ओळ आम्हाला फार खाली जायची. दर वर्षी अजून खाली जाते असं बाकीच्या म्हणतात. आज बरी वाटली." मी म्हटलं, ओळ आपल्या जागेवर आहे, तुम्ही आळशी झालात.

९ फेब्रुवारी

पियानो लावणारा येऊन गेला. दिवसभर ठाकठोक करून म्हणाला, "ताई, चढा कुठला, उलट किंचित उतरलेला होता. आता नीट वर आणलाय."

म्हणजे होता त्याच्याहून वर गेला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

ह्यांना म्हटलं, हा लावणारा कच्चा दिसतोय. हे 'हं' म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. हल्ली चहा फार वेळा ठेवतात.

१४ फेब्रुवारी

सरांनी गृहपाठ दिला. नादकाटा घ्यायचा. चिमट्यासारखा पोलादी काटा, गुडघ्यावर आपटून कानाशी धरला की एकच स्वर देतो: पांढरी सहा. जगात कुठेही जा, तोच. त्याच्याशी ताडून आपली पट्टी स्वतः ओळखायची.

अगदीच सोपं. पांढरी सहाच्या लगेच वर काळी पाच. म्हणजे माझा सा काट्यापेक्षा एक पायरी वर यायला हवा. ह्यांनी तीन टिचक्या मारून सा दिला, मी धरला, काटा आपटला.

काटा वर, मी खाली.

पुन्हा केलं. तेच. ह्यांना विचारलं, हे असं कसं? हे काटा हातात घेऊन उलटसुलट बघत बसले. "गंज असेल."

"नवा आहे, अहो."

"नव्यालाही येतो."

काटा परत पाठवला. दुकानदाराला चार शब्द सुनावले.

२० फेब्रुवारी

आजचा धडा पट्टी बदलण्याचा. एक गाणं उचलून दुसऱ्या जागी ठेवायचं. सर म्हणाले, सगळे स्वर सारख्याच पायऱ्यांनी उतरवा किंवा चढवा, गाणं तेच राहतं. मग एक कीबोर्ड समोर घेऊन कडेचं एक बटण दाखवलं. ते एकदा दाबलं की अख्खं यंत्र एक पायरी खाली उतरतं, वाजवणाऱ्यानं बोटं होती तिथेच ठेवायची. आळशी लोकांची सोय, असं म्हणून हसले.

मी लगेच हात वर केला. आमच्याकडेही त्याच जागी तसंच बटण आहे, पण ते यंत्र जागं करायचं आहे, असं सांगितलं. सरांचं कपाळ जरा आक्रसलं. म्हणाले, "कंपनी वेगळी असेल." शिकवणाऱ्याला सगळंच ठाऊक असतं असं नाही.

२१ फेब्रुवारी

दुसरा काटा आला. तोही बिघडलेला. हल्ली मालच असला येतो.

१ मार्च

हे रोज दुपारी सभागृहात जायला लागलेत. पियानोचं पायाखालचं पॅडल कुरकुरतं म्हणे, तेल घालतो. इतकं तेल? अख्खी लिफ्ट चालली असती.

लेकीचा फोन आला. मी काट्याची गोष्ट सांगितली, तर तिनं ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाली, "आई, बाबा काही बोलले का तुझ्याशी?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. जेवण झालं का?"

सकाळची वेळ होती! हिचं काहीतरी बिनसलंय. ह्यांना सांगितलं, पोरीकडे जरा लक्ष द्या.

४ मार्च

हे तेल घालायला गेले होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी लवकर घरी आले. म्हटलं, काट्याचा एकदाचा निकाल लावू. यंत्रावरचं कापड काढलं, खटका दाबला. जागं करायचं विसरले आणि तशीच पांढरी सहा दाबली.

वाजली. टिचकीशिवाय वाजली.

काटा आपटला. काटा आणि यंत्र, दोघांचा एकच स्वर. मी हसले, म्हटलं बघा, सुधारला काटा. मग सवयीनं कडेच्या बटणावर तीन टिचक्या मारल्या आणि तीच पांढरी सहा पुन्हा दाबली.

काटा वर राहिला. यंत्र खाली गेलं.

यंत्र बंद केलं, चालू केलं, पुन्हा दाबलं. एक टिचकी, एक पायरी खाली. दोन, दोन. तीन, तीन. छोट्या पडद्यावर आकडा येतो, मी तो कधी बघितलाच नव्हता, मी फक्त बोटं बघत आले.

काळी पाचवरून तीन पायऱ्या मी बोटांवर मोजल्या. शिकलेय ना आता! पांढरी पाच. मी पांढरी पाचात गाते.

पूर्वी एक टिचकी लागायची, मग दोन.

५ मार्च

बोलणार नाही. ह्यांच्याशी नाही, वहीशीही नाही.

८ मार्च

संतापानं डोकं फिरलंय. चार दिवस झाले, मी घरात फक्त 'हो' आणि 'नको' एवढंच बोलते. ह्यांना वाटतंय निवडीची धास्ती आहे. मला मध घातलेलं गरम पाणी देतात. आव किती भोळा!

इतकी वर्षं मी छाती पुढे काढून 'काळी पाच' सांगत फिरले. बाईंना सांगितलं, सरांना सांगितलं, पियानो लावणाऱ्याला वेड्यात काढलं, दोन काटे बिघडलेले ठरवले. खालच्या बायकांना आळशी म्हटलं. त्या बरोबर होत्या, ओळ खरंच खाली चालली होती. आणि लेकीला माहीत होतं! घरात सगळ्यांना माहीत, मीच एकटी ठार बहिरी. हे मला हसत असतील का? नाही, हसत नसतील, तेवढं मलाही कळतं. पण मग कीव करत असतील, आणि ती मला त्याहून नको.

ठरवलं. बाईंना सांगणार की होडीचं गाणं औषधवालीला द्या. तिचा 'हो' काळी पाचवर लख्ख लागतो, मी परवा ऐकला. जिन्यात एकटी गुणगुणत होती. माझं गाणं संपलं. हे लिहू नये असं वाटतंय, पण आहे ते असं आहे.

११ मार्च

बँकवाली आली. थंडी सरली म्हणून या वेळी पँट आणली होती. कमर. मी टेप लावली, उसवायला किती जागा आहे ते बघितलं आणि तोंडातून आपोआप निघालं, "कापड आटलंय हो."

ती आरशात बघत होती. म्हणाली, "आटत नाही. मला माहीत आहे."

मी टेप गुंडाळायला लागले.

"बाई, माझ्या घरी आरसा आहे आणि वजनकाटाही आहे," ती हसून म्हणाली. "कोपऱ्यावरचा शिंपी स्वस्तात करतो. पण तो मोठ्यानं आकडा सांगतो. तिथून बाहेर पडले की मी पोट आत ओढून चालते. तुमच्याकडून निघाले की नीट चालते, म्हणून मी तुमच्याकडे येते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या मनापासून सांगता," ती म्हणाली. "मोडवत नाही."

ती गेल्यावर मी शिवणयंत्राचं पाऊल उचलून ठेवलं आणि कोपऱ्याकडे बघितलं. कोपऱ्यातली ह्यांची खुर्ची रिकामी होती. हे तेल घालायला गेले होते.

१२ मार्च

वर्ग संपल्यावर सरांना थांबवलं. विचारलं, एखाद्या बाईनं आपलं गाणं तीन पायऱ्या खाली घेतलं तर त्याला काय म्हणायचं?

सर म्हणाले, "पट्टी बदलली असं म्हणायचं."

"हार नाही?"

कपाळ हललं. पहिल्यांदाच ते खाली वाकले आणि मला त्यांचे डोळे दिसले. चांगले आहेत. म्हणाले, "कसली हार? उंची स्वरांतरांत असते, ती तशीच राहते. कुठून सुरू केलं याच्याशी गाण्याला घेणंदेणं नसतं, ते घेणंदेणं माणसाला असतं."

मग अंतिम प्रकल्प कुठला करणार ते विचारलं. मी म्हटलं, होडीचं गाणं. काळी पाचवरून पांढरी पाचवर. सगळ्या आवाजांसकट, कागदावर.

बाईंना औषधवालीचं काहीच बोललेले नाही. का बोलू? ज्याचं त्याला येतं, माझं मला येतं. मी ते गाणं झोपेतसुद्धा गाईन, फक्त माझ्या जागेवरून.

१९ मार्च

प्रकल्प लिहून झाला. स्वरलेखन म्हणजे निव्वळ शिवण आहे, रेघांवर टाके घालायचे. पांढरी पाच म्हणजे सगळ्या पांढऱ्याच असतील असं वाटलं होतं, पण एक काळी लागते, तिसरी. ती विसरायची नाही असं कागदाच्या डोक्यावरच लिहून ठेवलं.

खालच्या बायकांची शेवटची ओळ खरोखरच पाताळात गेली होती. त्याच कॉर्डमधला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांतला, वरचा स्वर त्यांना दिला. आता ओळ सुटसुटीत बसते. हे मला मध्यमच्या वर्गानं शिकवलं, प्राथमिकनं नसतं शिकवलं.

सरांनी तपासून पाठवलं. "उत्तम. एका ठिकाणी काळी तीन राहिली आहे, शोधा." अजून सापडलेली नाही. छापून आणलं तसंच. एवढ्यातेवढ्यानं गाणं बुडत नाही.

ह्यांना काही दाखवलं नाही. रागापोटी नाही. राग कुठे गेला कोण जाणे, चारदा शोधला. पण समोरासमोर बसून 'मला कळलं' असं म्हणायचं, आणि हे मान खाली घालणार. मला ह्यांची मान खाली घातलेली बघायची नाही.

२९ मार्च

निवड झाली. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर पुढेमागे व्हायचं.

सभागृहात पोचले तर पियानो फिरवलेला. पूर्वी ह्यांची बोटं गाणाऱ्याला दिसायची, आता पियानोची पाठ आमच्याकडे. बाई म्हणाल्या, "तुमच्या यजमानांनी सकाळी येऊन फिरवला. असा ठेवला की आवाज नीट पसरतो म्हणे."

औषधवाली आधी गायली. दुसरं गाणं, छोटं, पण छान. खोटं कशाला बोलू? मी टाळ्या वाजवल्या आणि तिला सांगितलं की उद्यापासून वरच्या आवाजांत उभी राहा, खाली तुझं काय काम? ती म्हणाली, "खरंच काकू?" काकू तर काकू.

मग माझं नाव. मी कागद बाईंना दिले, खालच्या बायकांना दिले आणि एक ह्यांच्यासमोर ठेवायला पियानोला वळसा घालून आत गेले.

ह्यांची बोटं आधीच पट्ट्यांवर होती. काळी पाचवर नाही, पांढरी पाचवर.

हे दचकले. बोटं उचलणार तेवढ्यात मी कागद ठेवला. ह्यांनी कागद बघितला, डोक्यावरची ती एकच काळी खूण बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. रोज दुपारचं ते तेल कशाचं होतं ते मला तेव्हा कळलं. यंत्र नाही, बटण नाही, तेव्हा हा माणूस म्हातारपणी बोटांना नवी जागा शिकवत बसला होता. मला दिसू नये म्हणून एवढा अवजड पियानो ढकलून फिरवला, ती दुखरी पाठ घेऊन!

"अगं, हे…" हे म्हणाले.

मला भरून आलं होतं. काही बोलले असते तर तिथेच रडले असते आणि गाणं राहिलं असतं. म्हणून बोलले नाही. पियानोच्या लाकडावर बोटानं टिचक्या मारल्या. एक. दोन. तीन.

सगळ्यांना वाटलं मी ताल दिला. ह्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि सुरुवात केली.

कशी गायले ते मी काय सांगू? पण वहीला सांगायलाच हवं तर सांगते, मस्त गायले. पहिल्यांदाच डोळे मिटून गायले, बोटं बघायची गरजच नव्हती. खालच्या बायका शेवटच्या ओळीत मोकळ्या झाल्या आणि त्यांच्यावरून माझा 'होऽऽ' गेला. कुठे ताण नाही, कुठे फाटला नाही, मला हवा तेवढा वेळ राहिला. माझ्या कागदात जिथे काळी तीन राहिली होती तिथे ह्यांनी ती बरोबर वाजवली. तेव्हा सापडली.

बाईंनी काडी खाली ठेवली. "ताई, हे लिहिलं कुणी?"

"मी."

"आणि पट्टी?"

"पांढरी पाच," मी म्हटलं. मोठ्यानं, मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या.

"लिहून ठेवते," बाई म्हणाल्या. "होडीचं गाणं तुमचंच."

परतताना कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानाशी आलो तेव्हा हे बोलले. "तुझा आवाज अडकला होता ना, त्या वर्षी तू म्हणालीस की आता गाणं बंद. रडलीस. मला बघवेना. पुढच्या वर्षी मी एक टिचकी मारली आणि तू गाऊन आलीस ती नाचतच. म्हणालीस, बघा, आवाज परत आला. मग मी काय सांगणार होतो? पुढे एकेक मजला उतरवत राहिलो, धक्का न लावता."

मी चालत राहिले.

"तुला कधी कळलं?" ह्यांनी विचारलं.

"काय कळायचंय त्यात?" मी म्हटलं. "कापड आटलं होतं."

हे रस्त्यात थांबले. मग एवढे हसले की लोक वळून बघायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मी ह्यांचा हात धरला आणि आम्ही घरी आलो.